दीड, अडीच, साडेतीन आणि नऊ: बाळाची छाती जपणाऱ्या लसी वेळेवर कशा द्यायच्या

मृगाचा पाऊस पडून गेला की महिनाभरात खान्देशातल्या दवाखान्यांबाहेर खोकणारी लेकरं दिसू लागतात. दुसरी लाट थंडीत येते. कापूस वेचणी चालू असते, पहाटे हुडहुडी भरते, दारं-खिडक्या बंद असतात आणि आत पऱ्हाट्यांच्या चुलीचा धूर कोंडलेला असतो. या दोन्ही लाटांत मोठ्यांना नुसती सर्दी होते, पण वर्षाच्या आतल्या बाळाची छाती भरते.

यावरचा सगळ्यात भक्कम उपाय सरकारी लसीकरणात आहे आणि तो फुकट आहे. तरीही बाळं सुटतात, ती बहुतेक वेळा तारखांच्या घोळामुळे. पहिल्यांदाच आईबाप झालेल्यांसाठी, आणि जळगाव, धुळे, नंदुरबारकडे नव्याने राहायला आलेल्यांसाठी हा सगळा प्रवास क्रमाने मांडला आहे.

एक गोष्ट आधीच सांगतो. लसी घेऊनही बाळाला सर्दी होईल, नाक वाहील, दोन दिवस खोकला येईल. साध्या सर्दीचे विषाणू शेकड्यांनी आहेत आणि त्या सगळ्यांवर लस नाही. लसी अडवतात ते त्यापुढचे आजार: न्यूमोनिया, डांग्या खोकला, घटसर्प, गोवर आणि गोवरानंतर होणारा न्यूमोनिया. म्हणून "लस देऊनही सर्दी झालीच" असं म्हणत पुढचा डोस टाळू नका.

## १. आधी एका पिशवीत हे जमवा

- माता-बाल संरक्षण कार्ड. गरोदरपणात नोंदणी करताना मिळालेलं असतं. नसेल तर आशाताईंना किंवा उपकेंद्रातल्या सिस्टरना सांगून नवीन करून घ्या.
- बाळाचा जन्मदाखला, किंवा तो हाती येईपर्यंत दवाखान्याचं डिस्चार्ज कार्ड.
- आईचं किंवा वडिलांचं आधार कार्ड.
- एक मोबाइल नंबर, जो पुढची दोन वर्षं तरी बंद होणार नाही.
- खासगी दवाखान्यात एखादी लस दिली असेल तर त्याची फाइल. नुसतं तोंडी सांगणं पुरत नाही, लसीचं नाव आणि तारीख लागते.
- घरात डिजिटल थर्मामीटर, सेकंद दिसणारं घड्याळ आणि तापाचं औषध. हे तिन्ही कशाला लागतात ते पुढे येईल.

मोबाइल नंबराचा घोळ फार होतो. आता लसीची नोंद 'यू-विन' या सरकारी ऑनलाइन व्यवस्थेत मोबाइल नंबरावर होते. पुढच्या डोसचे संदेश आणि प्रमाणपत्र त्याच नंबराशी जोडलेले असतात. घाईत शेजाऱ्याचा, मुकादमाचा किंवा काकाचा नंबर दिला की संदेश त्यांच्याकडे जातात आणि तिथेच राहतात. आईचा स्वतःचा नंबर असेल तर तोच द्या.

कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा आणि प्रत्येक डोसनंतर त्या पानाचा मोबाइलवर फोटो काढा. पावसाळ्यात कौलातून गळलेल्या पाण्याने शाई पसरली की कोणता डोस कधी दिला हे लावत बसावं लागतं.

## २. कोणती लस छातीसाठी काय करते

कार्डावर नावांची मोठी रांग असते. श्वसनाच्या आजारांच्या दृष्टीने पाच लसी नीट ओळखून ठेवा: चार कार्डावरच्या, एक बाहेरची.

पीसीव्ही. न्यूमोकोकस नावाच्या जंतूवरची लस. लहान मुलांच्या गंभीर न्यूमोनियामागे हा जंतू मोठ्या प्रमाणात असतो, तो मेंदूज्वरही करतो. देशाच्या मोफत लसीकरणात ही लस २०१७ पासून काही राज्यांत आली आणि २०२१ मध्ये महाराष्ट्रासह सगळीकडे मिळू लागली. त्यामुळे घरातल्या मोठ्या मुलाच्या कार्डावर ती नसेल आणि धाकट्याच्या कार्डावर असेल, तर त्यात चूक काही नाही.

पेंटाव्हॅलंट. एका सुईत पाच आजार: घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात, कावीळ ब आणि हिब (न्यूमोनिया आणि मेंदूज्वर करणारा जंतू). यातले तीन थेट घसा आणि छातीचे आहेत. डांग्या खोकल्यात मोठं मूल खोकून खोकून लाल होतं. दोन-तीन महिन्यांचं बाळ मात्र कधी कधी खोकतच नाही, त्याचा श्वास थांबतो. म्हणून या लसीचा पहिला डोस लांबवणं सगळ्यात धोक्याचं.

एमआर. गोवर आणि रुबेला. गोवर म्हणजे अंगावरचे पुरळ एवढंच नाही. गोवर बाळाची आधीची प्रतिकारशक्ती खाऊन टाकतो आणि मग न्यूमोनिया होतो. गोवराने दगावणाऱ्या मुलांत बहुतेकांचा घात न्यूमोनिया करतो. २०२२ मध्ये मुंबईबरोबर आपल्या शेजारच्या मालेगावातही गोवराचा उद्रेक झाला होता. "देवी आली, पाहुणी आहे, जाईल" म्हणून घरात बसवून ठेवण्याचा हा आजार नाही.

बीसीजी. जन्मल्यावर डाव्या दंडात. लहान मुलांना होणाऱ्या गंभीर क्षयरोगापासून, विशेषतः क्षयाच्या मेंदूज्वरापासून वाचवते.

फ्लू. ही सरकारी बालवेळापत्रकात नाही, पैसे देऊन घ्यावी लागते. तिचं सगळं सातव्या पायरीत आहे.

पल्स पोलिओच्या दिवशी बूथवर दिलेले दोन थेंब यात मोजू नका. "सगळे डोस झालेत, बोटाला शाई लावली होती" असं सांगणाऱ्या घरात पेंटाचा एकही डोस झालेला नसतो, असं वरचेवर दिसतं.

## ३. तारखा आधीच काढून भिंतीवर लिहा

गावात कोणी 'सहा आठवडे' म्हणत नाही. दीड महिन्याचं, अडीच महिन्याचं, साडेतीन महिन्याचं इंजेक्शन म्हणतात, आणि ते चालतं. नेमके दिवस असे: दीड म्हणजे जन्मापासून ४२ दिवस, अडीच म्हणजे ७०, साडेतीन म्हणजे ९८. त्याआधी देऊ नये, नंतर एका आठवड्याच्या आत द्यावं.

समजा बाळ १० जूनला जन्मलं.

- जन्मल्यावर लगेच: बीसीजी, पोलिओचे थेंब आणि २४ तासांच्या आत कावीळ ब.
- २२ जुलै (दीड): पेंटा पहिला, पीसीव्ही पहिला, पोलिओचं इंजेक्शन, पोलिओ आणि रोटाचे (जुलाबावरचे) थेंब.
- १९ ऑगस्ट (अडीच): पेंटा दुसरा आणि दोन्ही थेंब. यावेळी सुई एकच.
- १६ सप्टेंबर (साडेतीन): पेंटा तिसरा, पीसीव्ही दुसरा, पोलिओचं इंजेक्शन, दोन्ही थेंब.
- पुढच्या वर्षी १० मार्च (नऊ पूर्ण): एमआर पहिला, पीसीव्ही बूस्टर, पोलिओचं तिसरं इंजेक्शन, अ जीवनसत्त्वाचा १ मिलि डोस.
- त्याच वर्षी १० ऑक्टोबर (सोळा पूर्ण): एमआर दुसरा, डीपीटी (घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात) बूस्टर, पोलिओचे थेंब, अ जीवनसत्त्व २ मिलि. हे चोवीस महिन्यांपर्यंत देता येतं, पण सोळालाच द्या.

यात दोन ठिकाणी लोक हमखास अडकतात.

पहिलं ठिकाण 'नववा लागला'. आपल्याकडे महिना लागला की तो मोजतात. नववा लागला म्हणजे आठ पूर्ण झाले, नऊ पूर्ण व्हायला अजून महिना आहे. एमआर नऊ महिने पूर्ण झाल्यावर द्यायची असते. आईकडून मिळालेली प्रतिकारशक्ती तोवर बाळात शिल्लक असते आणि तिच्यामुळे लवकर दिलेली लस निकामी ठरू शकते. मग आई नववा लागताच जाते, सिस्टर परत पाठवतात, आई चिडते आणि पुढच्या महिन्यात जात नाही. भिंतीवर "नववा" लिहू नका, "१० मार्च" लिहा.

दुसरं ठिकाण अडीच महिन्यांचं. खासगी डॉक्टर पीसीव्हीचे तीन डोस आणि एक बूस्टर सांगतात, सरकारी कार्डावर दोन डोस आणि एक बूस्टर आहे. अडीचला पीसीव्ही दिली नाही म्हणजे सिस्टर विसरल्या, असं समजू नका. दोन्ही पद्धती मान्य आहेत. सरकारी पद्धतीत सगळा भार नऊ महिन्यांच्या बूस्टरवर असतो, तो चुकला तर संरक्षण अर्धवट राहतं. म्हणून तीच तारीख सगळ्यात ठळक लिहा.

## ४. कुठे जायचं

गावातल्या अंगणवाडीत किंवा उपकेंद्रात महिन्याचं लसीकरण सत्र ठरलेल्या वारी असतं. तो वार आशाताईंना माहीत असतो आणि त्यांच्याकडच्या यादीत तुमच्या बाळाचं नाव असायला हवं. बाळंतपणासाठी माहेरी आलेल्या लेकीची नोंद सासरच्या गावात असते, त्यामुळे माहेरच्या यादीत तिचं बाळ नसतं. घरी आल्याच्या पहिल्या आठवड्यात माहेरच्या आशाताईंना जाऊन सांगा, नाव चढवून घ्या.

सत्र चुकलं तर महिनाभर थांबू नका. प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण रुग्णालय आणि उपजिल्हा रुग्णालयातही ठरलेल्या वारी लसीकरण असतं, आणि कुठल्या गावचे आहात हे विचारून कोणाला परत पाठवायचं नसतं. जळगाव, धुळे, नंदुरबार या तिन्ही शहरांत शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आहे. अक्राणी, अक्कलकुव्याच्या पाड्यांवर पावसाळ्यात रस्ते बंद होतात. तिथे जुलै-ऑगस्टची तारीख येणार असेल तर आशाताईंशी आधीच बोला, वरच्या पाड्यावर सत्र कधी होणार की खाली उतरावं लागणार हे ठरवून घ्या.

मजुरी बुडते ही अडचण खरी आहे. कापूस वेचणीच्या दिवसांत सत्राचा वार आणि वेचणीचा वार एकच पडला तर आजी बाळाला घेऊन जाऊ शकते. आईच हवी असं काही नाही. कार्ड बरोबर हवं, आणि बाळाला आधी कसला त्रास झाला होता का हे आजीला माहीत हवं.

खासगीत जायचं असेल तर जा, पण सरकारी लस हलकी असते म्हणून नको. खासगीत मिळणाऱ्या 'बिनतापाच्या' पेंटामध्ये डांग्या खोकल्याचा घटक वेगळ्या प्रकारचा असतो. ताप कमी येतो, पण त्या घटकाचं संरक्षण लवकर ओसरतं. सरकारी लसीने ताप येतो आणि डांग्या खोकल्यापासूनचं संरक्षण जास्त टिकतं. एक रात्र बाळ किरकिरलं तरी चालेल.

## ५. सत्राच्या दिवशी

बाळाला अंगावर पाजून न्या, उपाशी नको. सैल कपडे घाला: मांडी आणि दोन्ही दंड पटकन उघडे करता आले पाहिजेत. गच्च लंगोट आणि तीन स्वेटर घातलेलं बाळ सुईआधीच रडून थकतं.

सुया कुठे टोचायच्या हे ठरलेलं आहे. पेंटा डाव्या मांडीत, पीसीव्ही उजव्या मांडीत, पोलिओचं इंजेक्शन उजव्या दंडात. नऊ महिन्यांना एमआर उजव्या दंडात येते, म्हणून तेव्हाचं पोलिओ डाव्या दंडात देतात. जागा ठरलेली असल्याने नंतर कुठे सूज आली यावरून ती कोणत्या लसीची हे कळतं.

एका दिवशी तीन सुया बघून घरच्यांचा जीव खालीवर होतो. "आज एक द्या, बाकीच्या पुढच्या वेळी" असं सांगू नका. तिन्ही एकत्र दिल्याने बाळावर जास्तीचा भार पडत नाही. पुढच्या वेळी ठेवलेली सुई मात्र बहुधा राहूनच जाते, आणि राहणारी बहुतेक वेळा पीसीव्ही असते.

सर्दी, साधा खोकला, पातळ शी, अंग थोडं कोमट: यातल्या कशानेही लस थांबत नाही. पावसाळ्यात सर्दी नसलेल्या दिवसाची वाट पाहिली तर दिवाळी येते. खूप ताप असेल, बाळ दवाखान्यात भरती असेल किंवा अगदी मलूल असेल तर बरं होईपर्यंत थांबायचं. मागच्या डोसनंतर झटका आला होता, अंगावर गांधी उठून श्वास अडकला होता किंवा बाळ बेशुद्ध झालं होतं, तर सुई टोचण्याआधी सिस्टरना सांगा.

तुम्हाला पाहता येतील अशा दोन गोष्टी आहेत, आणि त्या विचारण्यात कोणाचा अपमान नाही. लसीच्या कुपीवर एक छोटा गोल आणि त्याच्या आत चौकोन असतो. चौकोन बाहेरच्या गोलापेक्षा फिका असेल तर लस चांगली. दोन्हींचा रंग सारखा झाला किंवा चौकोन जास्त गडद झाला तर ती कुपी उष्णतेने गेली, वापरायची नाही. आपल्याकडच्या मे महिन्याच्या उन्हात ही खूण फार कामाची आहे. दुसरी गोष्ट एमआरची. ती पावडर असते, सोबतच्या द्रवात मिसळल्यावर चार तासांत संपवायची, उरली तर टाकायची. मिसळल्याची वेळ कुपीवर लिहिलेली असते. "एका बाळासाठी नवी कुपी कशी फोडू" असं कोणी म्हटलं तर नम्रपणे सांगा, एकच बाळ आलं असलं तरी कुपी उघडायची असते.

सुई झाल्यावर अर्धा तास तिथेच बसा. गंभीर ॲलर्जी अगदी क्वचित होते, पण झाली तर पहिल्या काही मिनिटांत दिसते आणि तिचं औषध सत्राच्या जागी असतं, वाटेतल्या एसटीत नसतं. निघताना चार गोष्टी विचारूनच निघा: आज कोणत्या लसी दिल्या, काय त्रास होऊ शकतो, त्यावर काय करायचं, पुढची तारीख कोणती. तारीख कार्डावर लिहून घ्या.

## ६. घरी आल्यावर: ताप, गाठ आणि तापाचं औषध

संध्याकाळी "पोऱ्याले ताप उना" म्हणून घर धास्तावतं. पेंटानंतर एक-दोन दिवस ताप, किरकिर, मांडी दुखणं हे नेहमीचंच आहे. एमआरचा ताप आणि बारीक पुरळ मात्र आठवडा-दीड आठवड्याने येतात, तेव्हा कोणाला लस आठवत नाही आणि भलतीच औषधं सुरू होतात. बीसीजीच्या जागी काही आठवड्यांनी फोड येतो, फुटतो, सुकतो आणि वण राहतो. त्याला हळद, तेल, राख काही लावू नका. मांडीतली सूज शेकू किंवा चोळू नका. थंड पाण्याची ओली घडी ठेवा. आत लहानशी न दुखणारी गाठ काही आठवडे राहिली तर राहू द्या.

आता तापाचं औषध. इथे सगळ्यात मोठी चूक होते, म्हणून सावकाश वाचा.

पॅरासिटामॉलचा डोस वयावर नाही, वजनावर ठरतो: एका वेळी दर किलोला १० ते १५ मिलिग्रॅम. साडेतीन महिन्यांचं ६ किलोचं बाळ धरा, त्याला ६० ते ९० मिलिग्रॅम लागतं. मेडिकलमध्ये हे औषध तीन वेगवेगळ्या दाटपणाचं मिळतं, आणि बाटल्या दिसायला सारख्याच असतात:

- थेंबांची छोटी बाटली, १ मिलिमध्ये १०० मिलिग्रॅम: या बाळाला ०.६ ते ०.९ मिलि.
- पातळ सिरप, ५ मिलिमध्ये १२० मिलिग्रॅम: २.५ ते ३.७५ मिलि.
- दाट सिरप, ५ मिलिमध्ये २५० मिलिग्रॅम: १.२ ते १.८ मिलि.

मोठ्या भावाच्या वेळी पातळ सिरप ३ मिलि दिलेलं आजीच्या लक्षात असतं. तेच ३ मिलि थेंबांच्या बाटलीतून दिलं तर ३०० मिलिग्रॅम पोटात जातात, गरजेच्या तिपटीहून जास्त, आणि ते यकृतावर जातं. म्हणून बाटलीवरचा मिलिग्रॅमचा आकडा सिस्टरना किंवा डॉक्टरांना दाखवा, त्यांच्याकडून मिलि लिहून घ्या आणि बाटलीलाच चिकटवा. मोजायला चमचा नको, खुणांची पिचकारी किंवा बाटलीसोबतचा ड्रॉपर वापरा. दोन डोसांत सहा तासांचं अंतर ठेवा, दिवसभरात चारपेक्षा जास्त नको. ॲस्पिरिन बाळाला कधीच द्यायचं नाही.

खोकल्याचं औषध या यादीत नाही, ते मुद्दाम. ऑक्टोबर २०२५ मध्ये, मध्य प्रदेशात दूषित कफ सिरपने मुलं दगावल्यानंतर, केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने पुन्हा बजावलं: दोन वर्षांखालच्या मुलांना खोकला-सर्दीची औषधं देऊ नका, पाच वर्षांखालीही सहसा नकोत. मेडिकलवाल्याने हातात दिली तरी घेऊ नका.

सलग तीन तासांहून जास्त न थांबणारं रडणं, झटका, बाळ ढिलं पडणं, किंवा दोन दिवसांनंतरही चढा ताप: यातलं काही दिसलं तर दवाखान्यात न्या आणि लस कधी दिली ते सांगा.

## ७. फ्लूची लस: आखाजीचा (अक्षय्य तृतीयेचा) मुहूर्त

फ्लूचा विषाणू दरवर्षी थोडा बदलतो, म्हणून लसही दरवर्षी नवी येते आणि दरवर्षी घ्यावी लागते. सहा महिने पूर्ण झाल्याशिवाय देत नाहीत. भारतीय बालरोगतज्ज्ञांची संघटना सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत ती दरवर्षी घ्यायला सांगते. दमा, हृदयाचा आजार असलेल्या आणि दिवसांआधी जन्मलेल्या मुलांना तिचा जास्त उपयोग.

पहिल्या वर्षी दोन डोस, चार आठवड्यांच्या अंतराने. पुढे दरवर्षी एक. पहिल्या वर्षी दुसरा डोस बुडवणारे खूप असतात. पैसे एकदा गेले, आता परत कशाला, असं वाटतं. पण ज्या बाळाला फ्लू आधी कधी झालेला नाही त्याच्या शरीराला पहिला डोस नुसती ओळख करून देतो, पुरतं संरक्षण दुसऱ्याने येतं. दुसऱ्याची तयारी नसेल तर पहिल्याचे पैसे अर्धे वाया जातात.

वेळ कोणती? आपल्याकडे फ्लू पावसाळ्यात चढतो आणि थंडीत पुन्हा डोकं वर काढतो. लसीचा परिणाम यायला दोन आठवडे लागतात. नव्या हंगामाची लस साधारण एप्रिल ते जूनच्या दरम्यान बाजारात येते. म्हणून आखाजीला लेकी माहेरी आल्या की बालरोगतज्ज्ञांकडे चौकशी करा, लस आली असेल तर पहिला डोस द्या. दुसरा मग मृगाच्या सुमारास येतो. बाळ डिसेंबरात सहा महिन्यांचं होत असेल तर आखाजीची वाट पाहू नका, तेव्हा उपलब्ध असलेली द्या.

घेताना खोक्यावर हंगामाचं वर्ष पाहा. मागच्या हंगामाचा उरलेला साठा नको. किंमत छापील पाहून आधी विचारा. शक्यतो ज्या दवाखान्यात लस फ्रीजमध्ये ठेवलेली असते तिथेच घ्या. मेडिकलमधून विकत घेऊन डॉक्टरांकडे न्यायची असेल तर ती थेट बर्फावर ठेवू नका. उन्हाळ्यात लोक उष्णतेला भितात आणि लस बर्फात पुरतात. ही लस गोठली की निकामी होते, आणि गोठून वितळलेली लस ओळखता येत नाही. थर्मासमध्ये बर्फ, त्यावर जाड कापड, त्यावर लसीचं खोकं, आणि सरळ दवाखाना. दिवसभर वीज गेली होती का, हे मेडिकलमध्ये विचारायला लाजू नका.

सहा महिन्यांखालच्या बाळाला ही लस नाही. त्याच्यासाठी त्याच्याभोवतीची माणसं लस घेतात. गरोदर बाईने घेतली तर तिची प्रतिकारशक्ती पोटातल्या बाळाला जाते. तपासणीच्या वेळी डॉक्टरांना विचारा, सरकारी रुग्णालयातही चौकशी करा.

## ८. ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर जाणार असाल तर

दिवाळीच्या आसपास नंदुरबार, धुळे, चाळीसगावकडची कुटुंबं गुजरातेत आणि पश्चिम महाराष्ट्रात जातात. होळीला परत येतात किंवा त्याहून उशिरा. जूनमध्ये जन्मलेल्या बाळाचे पहिले तीन डोस गावात होतात, आणि नऊ महिन्यांचा, म्हणजे एमआर आणि पीसीव्ही बूस्टरचा डोस नेमका या मधल्या काळात किंवा परतीच्या गडबडीत येतो. ऑगस्ट ते ऑक्टोबरात जन्मलेल्या बाळांचं याहून कठीण, त्यांचे पेंटाचे डोसच फडावर येतात.

निघण्याच्या पंधरा दिवस आधी आशाताईंना गाठा. देय असलेला डोस देऊन घ्या, पेंटाच्या मागच्या डोसाला चार आठवडे झाले असले म्हणजे पुरे. कार्ड सोबत न्या, घरी ट्रंकेत ठेवू नका. वेळापत्रक देशभर एकच आहे, बारडोलीच्या आरोग्य केंद्रातही तीच पेंटा आणि तीच पीसीव्ही मोफत मिळते. रेशनकार्ड तिथलं नाही म्हणून नकार देता येत नाही. गुजरातेत गावच्या लसीकरण दिवसाला 'ममता दिवस' म्हणतात, तिथल्या आशाताईंना हे नाव घेऊन विचारा. होळीला गावी आल्यावर भोंगऱ्याच्या (होळीच्या आदिवासी) बाजारात जाल त्याच आठवड्यात कार्ड दाखवून या.

## ९. डोस राहिला असेल तर

पहिल्यापासून सुरू करायची गरज नसते. जिथे थांबलं तिथून पुढे, दोन पेंटांत किमान चार आठवडे आणि दोन पीसीव्हींत किमान आठ आठवडे ठेवून. बोलणी खावी लागतील म्हणून न जाणाऱ्या आया पुष्कळ आहेत. जा, कार्ड पुढे ठेवा, "राहून गेलंय, आता काय काय देता येईल" एवढंच विचारा.

काही दारं मात्र वाढदिवसाला बंद होतात. पेंटा आणि पीसीव्ही वर्षाच्या आत सुरू झाली असेल तर पुढचे डोस पूर्ण करता येतात. एकही डोस न घेता वर्ष उलटलं तर सरकारी सत्रात पेंटाच्या जागी डीपीटी देतात आणि पीसीव्ही हुकते. बीसीजीही वर्षाच्या आतच. एमआर पाच वर्षांपर्यंत देता येते.

## १०. लसी सगळ्या झाल्या तरी श्वास मोजायला शिका

बाळ शांत असताना, पीत किंवा रडत नसताना, झबलं वर करा आणि पोटाकडे बघा. पोट वर आलं की एक. पूर्ण एक मिनिट मोजा, अर्धा मिनिट मोजून दुप्पट करू नका, कारण लहान बाळाचा श्वास एका लयीत नसतो.

- दोन महिन्यांखाली: ६० किंवा जास्त
- दोन महिने ते एक वर्ष: ५० किंवा जास्त
- एक ते पाच वर्षं: ४० किंवा जास्त

असा श्वास म्हणजे न्यूमोनियाची शक्यता, त्याच दिवशी दवाखाना. श्वास घेताना बरगड्यांखालची जागा आत ओढली जात असेल, ज्याला आपल्याकडे पसली चालणं म्हणतात, तर वेळ घालवू नका. बाळ पीत नाही, प्यालेलं सगळं उलटतं, झटका येतो, उठवूनही नीट जागं होत नाही, ओठ निळे पडतात: लगेच १०८ ला फोन. अशा वेळी पोटाला चटके देणं, छातीला बिब्बा लावणं किंवा नाकात तेलाचे थेंब सोडणं यात बाळाचे तास जातात. तेल तर फुफ्फुसात उतरून दुसरा न्यूमोनिया करतं.

लसीला जोड म्हणून पहिले सहा महिने फक्त अंगावरचं दूध. चूल पेटलेली असताना बाळ दुसऱ्या खोलीत किंवा ओट्यावर, आणि घरात विडी नको.

## ११. पहिलीत जाताना

दीड वर्षाचे डोस झाले की कार्ड कपाटात जातं आणि तिथेच राहतं. अ जीवनसत्त्वाचे २ मिलिचे डोस पाच वर्षांपर्यंत दर सहा महिन्यांनी अंगणवाडीत मिळतात, ते घेत राहा. पाच ते सहा वर्षांत डीपीटीचा दुसरा बूस्टर असतो, डाव्या दंडात. लहानपणी घेतलेलं घटसर्प आणि डांग्या खोकल्याचं संरक्षण तोवर उतरलेलं असतं आणि मूल नेमकं तेव्हाच चाळीस मुलांच्या वर्गात बसू लागतं. शाळेच्या प्रवेशाचे कागद काढाल तेव्हा त्याच पिशवीतून हे कार्डही काढा, रकाना रिकामा असेल तर जूनमध्ये शाळा उघडण्याआधी आरोग्य केंद्रात जाऊन या. त्यानंतरची टीडी (धनुर्वात आणि घटसर्पाची लस) दहाव्या आणि सोळाव्या वर्षी आहे, तोवर कार्ड जपून ठेवा.